गचपणातून गोळी सरळ का जात नाही?

बेळगाव जिल्ह्यात खानापूरकडच्या जांबोटी, कणकुंबी, गुंजी, नागरगाळी या पट्ट्यात पावसाळी रात्री गप्पा रंगल्या की जुन्या शिकारीची गोष्ट हमखास निघते. सांगणाऱ्याने स्वतः बंदूक धरलेली नसते. गोष्ट आजोबांची, नाहीतर थोरल्या चुलत्यांची असते. डुक्कर पन्नास पावलांवर होतं, नेम खांद्यावर होता, बार उडाला आणि डुक्कर निघून गेलं. मग ठरलेलं वाक्य येतं, "नेम बराबर होता की हो, गोळी जाळीत फिरली." ऐकणारे गालात हसतात. चुकलेल्या बाराला जाळीइतकं सोयीचं कारण दुसरं कुठलं?

पण हसणाऱ्यांनीही जरा दमानं घ्यावं. बोटाएवढी काटकी बंदुकीच्या गोळीला वाट सोडायला लावते, हे खरं आहे. ती कशी लावते, किती लावते आणि कुठली काटकी जास्त घातक, हे शाळेतल्या गणिताने समजण्यासारखं आहे. आजोबांची गोष्ट त्या गणिताला ताडून पाहिली तर कधी खरी निघते, कधी थाप.

आधी कायद्याचं बोलून मोकळं होऊ. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. खानापूरच्या रानातला गवा परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात येतो. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर परिशिष्ट दोनमध्ये आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या परिशिष्ट दोनमधल्या जनावराबाबत वनखात्याचा अधिकारप्राप्त अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो, आणि जीव वाचवताना हातून जनावर मेलं तर कलम ११ मध्ये संरक्षण आहे. बाकी सगळा गुन्हा. भीमगड तर २०११ पासून अभयारण्य आहे.

मग हा विषय आज काढायचाच कशाला? कारण बंदुका गावातून गेलेल्या नाहीत. शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची सोय आहे आणि रानाला लागून शेत असलेल्यांच्या घरात अशी बंदूक अजून खुंटीला असते. वनखात्याची पथकं बेशुद्धीचं औषध भरलेली डार्ट घेऊन झाडीत शिरतात, त्यांनाही हीच अडचण येते. शिवाय बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. आमच्याकडे गावागावांत निवृत्त सैनिक आहेत आणि 'एसएलआरची (जुन्या लष्करी रायफलची) गोळी झाड फोडून जाते, काटकीचं काय घेऊन बसलास' असं सांगणारा एक तरी प्रत्येक कट्ट्यावर भेटतो.

त्याचं म्हणणं खोटं नाही. एसएलआरची ७.६२ मिलिमीटरची गोळी चांगलं जाड खोड भेदून पलीकडे निघते. घोटाळा असा की भेदणं ही एक गोष्ट आणि सरळ राहणं ही दुसरी. खोडातून बाहेर पडलेली गोळी आत शिरली त्याच रेषेत पुढे गेली, असं कोण सांगणार? लढाईत आडोशामागच्या शत्रूपर्यंत ती पोचली तरी काम होतं. जनावराच्या बाबतीत वीतभर जागेवर ती लागावी लागते. काटकी गोळीला थांबवत नाही, थांबवू शकतही नाही. ती गोळीला नुसता धक्का देते. पुढचं सगळं त्या धक्क्यामुळे घडतं.

गोळी हवेतून कशी जाते ते पाहू. रायफलची टोकदार गोळी मुळात स्थिर वस्तू नाही. तिचं वजन मागच्या बाजूला जास्त असतं आणि हवेचा रेटा पुढच्या टोकावर येतो, त्यामुळे मोकळी सोडली तर ती उलटीपालटी व्हायला बघते. म्हणून नळीच्या आत पीळदार खाचा असतात. त्या गोळीला स्वतःभोवती फिरवतात. एसएलआरच्या नळीत साधारण ३० सेंटीमीटरला एक पूर्ण फेरा आहे. गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या वर वेगाने सुटते. भागाकार केला तर सेकंदाला २,७०० च्या आसपास फेरे होतात. या फिरण्यामुळेच तिचं टोक पुढे राहतं. फिरणाऱ्या भोवऱ्याला हळूच बोट लावून पाहा. तो लगेच पडत नाही, पण डुलायला लागतो आणि जागा सोडतो. काटकी गोळीला लावते ते हेच बोट.

धक्क्याचे परिणाम तीन. पहिला सरळ आहे. काटकीच्या कडेला गोळी घासली की ती दुसऱ्या बाजूला ढकलली जाते. दुसरा परिणाम डोक्यात सहज येत नाही. डुलणारी गोळी तिरकी होते, मग हवा तिच्या टोकावर न बसता बगलेवर बसते आणि तिला आणखी बाजूला सारते. म्हणजे काटकी मागे राहिली तरी चूक वाढतच असते. पुढे डुलणं कमी होऊन गोळी परत सावरूही शकते, पण बदललेली दिशा सुधारत नाही. सावरलेली गोळी चुकीच्या रेषेत सरळ जाते, एवढंच. तिसरा परिणाम शिकारीच्या मऊ टोकाच्या गोळीचा. ती मांसात शिरून फुलावी अशी बनवलेली असते. काटकीवरच टोक वाकडं झालं तर पुढचा प्रवास लंगडा होतो.

आता कोन. समजा काटकीने गोळीची दिशा फक्त एका अंशाने बदलली. एक अंश म्हणजे डोळ्याला कळणारही नाही इतका. काटकीपासून जनावर दोन मीटरवर असेल तर गोळी साडेतीन सेंटीमीटर सरकेल. ती चूक कुणाला कळायची नाही. पाच मीटरवर असेल तर नऊ सेंटीमीटर. ५० मीटरवर असेल तर ८७ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट. अख्खं डुक्कर चुकलं. अर्धाच अंश धरला तरी ५० मीटरला ४४ सेंटीमीटर होतात. डुकराच्या काळीज-फुप्फुसाची जागा एका वितीएवढी असते. गव्याची जागा मोठी, कारण तो खांद्याशी पावणेदोन मीटर उंच, टनाच्या घरात जाणारा. तरी ४४ सेंटीमीटर सरकलेली गोळी गव्याच्याही पोटात, नाहीतर पायात जाते.

म्हणून काटकी केवढी जाड, यापेक्षा ती कुठे उभी आहे हे विचारलं पाहिजे. जनावराच्या अंगाला चिकटलेली कारवीची दाट जाळी फार बिघडवत नाही. नळीपुढे चार हातांवरची एकटी करवंदीची डहाळी सगळं घालवते. माणसाला मात्र उलटंच वाटतं. जनावराभोवतीची झाडी दिसते म्हणून तिची भीती वाटते, आणि स्वतःच्या नाकापुढची दिसतच नाही.

ती का दिसत नाही, हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण चुकलेल्या बारांचं मोठं मूळ इथे आहे असं माझं मत आहे. आपण नेम धरतो ती नजरेची रेषा आणि गोळी निघते ती नळीची रेषा, या दोन वेगळ्या आहेत. रायफलवर दुर्बीण बसवली असेल तर ती नळीच्या मध्यापासून साधारण चार सेंटीमीटर वर असते. दुर्बीण नसेल आणि नळीच्या टोकावरच्या साध्या माशीने नेम धरला तर हे अंतर कमी असतं, पण असतंच. गोळी खालून निघते आणि किंचित वर चढत नजरेच्या रेषेला पुढे कुठेतरी भेटते. नेम किती अंतरावर बसवून घेतला आहे त्यावर ती जागा ठरते, पण पहिले २५ ते ५० मीटर गोळी नजरेच्या खालूनच चाललेली असते. आणि गचपणात बार होतो तोच या अंतरात! दुर्बिणीतून वाट स्वच्छ दिसते, गोळीच्या वाटेत मात्र तीन बोटं खाली गवताचा जाड धसकट असतो. बांधावर बंदूक टेकवून झाडणाऱ्याची गोळी कधीकधी त्या बांधाच्याच मातीत घुसते ती याच कारणाने. नजर बांधावरून गेलेली असते, नळी गेलेली नसते.

दुर्बीण आणखी एक फसवणूक करते. तिची नजर लांबच्या वस्तूवर बसवलेली असते. जवळची काटकी तिच्यात पुसट होत होत पार नाहीशी होते. साध्या डोळ्यांनी आधी पूर्ण वाट खालून वर निरखून मग दुर्बिणीला डोळा लावायचा, ही शिकार कायदेशीर असलेल्या देशांतल्या जाणत्यांची सवय. रात्रीच्या राखणीला बॅटरी असेल तर गोष्ट अजून वाईट. जवळच्या पानांवर उजेड उसळून परत डोळ्यात येतो, मागे फक्त दोन डोळे चमकतात. ते डोळे डुकराचेच आहेत, की शेजाऱ्याच्या सुटलेल्या रेड्याचे, हे त्या उजेडात कोण ठरवणार?

अमेरिकेत या सगळ्यावर एक जुना तोडगा सांगितला जातो. झाडीत जायचं तर हलकी, वेगवान, टोकदार गोळी नको. जड, संथ, बोथट तोंडाची गोळी घ्या, ती काटक्या मोडत सरळ जाते. अशा बंदुकांना तिकडे 'ब्रश गन' असं नावच पडलं आहे. .३०-३०, .४५-७० ही त्यातली गाजलेली काडतुसं. आपल्याकडेही अशीच समजूत होती. लष्करी .३०३ रायफल सामान्य नागरिकाला मिळत नसे, म्हणून भारतात परवान्यावर .३१५ ची रायफल रुळली. तिची गोळी जवळपास १६ ग्रॅमची, एसएलआरच्या साडेनऊ ग्रॅमपेक्षा बरीच जड. 'तीनशे पंधरा झाडीला भारी' असं म्हणणारे म्हातारे होतेच.

या समजुतीत सत्याचा अंश आहे. गोळी किती वळेल हे तिला बसलेला आडवा धक्का आणि तिचा स्वतःचा पुढचा रेटा यांच्या प्रमाणावर ठरतं. रेटा म्हणजे वजन गुणिले वेग. जड गोळीचा वेग कमी असला तरी वजनामुळे रेटा थोडा जास्त भरतो. शिवाय आखूड, बोथट गोळी लांब टोकदार गोळीपेक्षा कमी उलटते. पण फरक पडतो तो एवढाच, थोडा. तिकडच्या हौशी लोकांनी लाकडी गोल दांडक्यांच्या रांगा उभ्या करून, मागे कागदाचं निशाण लावून, नाना तऱ्हेच्या गोळ्या झाडून पाहिल्या आहेत. न वळणारी गोळी त्यात निघाली नाही. जड गोळ्याही वळल्या. आणि एकाच पेटीतली एक गोळी जवळजवळ सरळ गेली तर पुढची हातभर बाजूला पडली.

या लहरीपणाचं कारण साधं आहे. दांडक्याच्या बरोबर मध्यावर बसलेली गोळी त्याला फोडून पुढे जाते, दोन्ही बाजूंनी धक्का सारखाच. कडेला बसली की एका बाजूने धक्का लागतो आणि ती वळते. काटकीच्या मध्यावर लागणार की कडेला, हे कोणाच्या हातात नाही. म्हणून एका गावातले आजोबा 'माझी तीनशे पंधरा जाळी फाडून जायची' म्हणतात, शेजारच्या गावातले तीच बंदूक निरुपयोगी ठरवतात, आणि दोघेही डोळ्यांनी पाहिलेलंच सांगत असतात.

जाड गोळीचा एक तोटा मात्र कुणी मोजत नाही. जाड गोळीला काटक्या जास्त आडव्या येतात. हे उसावर मोजून पाहू, कारण हुक्केरी, चिकोडी, अथणी, निपाणीकडे डुक्कर मुळात उसातच बसतं. एकरी चाळीस हजार ऊस हा हिशेब शेतकऱ्याला पाठ असतो. त्याप्रमाणे एका चौरस मीटरला दहा ऊस येतात. ऊस अडीच सेंटीमीटर जाड धरू. एसएलआरची गोळी प्रत्यक्षात ७.८ मिलिमीटरची. गोळी उसाला न शिवता जायची तर दोघांच्या जाडीची बेरीज, म्हणजे सव्वातीन सेंटीमीटरच्या जरा वर, एवढी पट्टी मोकळी पाहिजे. ऊस कसेही विखुरलेले आहेत असं मानलं तर पाच मीटर खोल उसातून १०० पैकी साधारण १९ गोळ्या काही न शिवता पार होतात. दहा मीटरमधून चारच. आता तीच बेरीज बारा बोअरच्या नळीतल्या एकसंध गोल गोळीची करा. ती साडेअठरा मिलिमीटर जाड. पाच मीटरला १०० पैकी ११, दहा मीटरला एखादीच.

खरा ऊस सरीत असतो, विखुरलेला नसतो. सरीच्या दिशेने पाहिलं तर कोवळ्या उसात लांबवर मोकळी वाट मिळते, आडव्या दिशेने भिंत. उसाने लोळण घेतली की सरीचाही भरवसा नाही. शिवाय आतून रसाने भरलेला ऊस हलका नसतो, गोळीला चांगला दणका देतो. कारवीचंही तसंच, फक्त ती बारीक आणि जास्त दाट. सात-आठ वर्षांनी एकदा फुलून ती मरते आणि वाळलेल्या काड्यांचं रान मागे ठेवते, त्यातून तर काहीच नीट पार होत नाही.

आकडे काढताना मला खरी भीती वाटते ती डुक्कर सुटण्याची नाही. १०० पैकी ८१ गोळ्या उसाला लागल्या, त्या गेल्या कुठे? रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. फडाच्या पलीकडे तोडणी टोळीची पालं असतात, पाणी धरायला कोणीतरी मोटारीच्या खोलीकडे निघालेलं असतं, चिंचेखाली गाडी लागलेली असते. नेम धरणाऱ्याने समोरची दिशा मोकळी आहे हे पाहिलेलंही असेल, पण गोळीने दिशा बदलल्यावर त्या पाहण्याचा उपयोग संपतो. गचपणात झाडणारा माणूस आपण कोणत्या दिशेला झाडतो आहोत हेच जाणत नसतो, असं मी म्हटलं तर कट्ट्यावरच्या मंडळींना राग येतो. यावं त्यांनी कागद-पेन घेऊन.

छऱ्ऱ्यांची बंदूक आणि ठासणीची बंदूक यांचं वागणं वेगळं. नळी आतून गुळगुळीत, खाचा नाहीत, त्यामुळे फिरणं नाही. गोल छऱ्ऱ्याला टोकच नसल्याने तो उलटापालटा होण्याचा प्रश्न येत नाही. काटकीला लागला की बाजूला जातो किंवा तिथेच अडकतो. पण गोल आकार हवेत वेग फार लवकर घालवतो, आणि एका काडतुसातल्या प्रत्येक छऱ्ऱ्याला उसाचं वरचंच गणित स्वतंत्रपणे लागू होतं. परिणामी पुंजका जाळीत विरत जातो. सात-आठ मोठ्या छऱ्ऱ्यांतले दोन-तीन जनावरापर्यंत पोचतात, तेही दमलेले. ते मारत नाहीत, जखमी करतात. पूर्ण चुकण्यापेक्षा हे वाईट.

हलक्या गोळीबद्दलही एक आख्यायिका आहे, ५.५६ मिलिमीटरची गोळी पानालासुद्धा लागली तर फिरते. गोळी चारेक ग्रॅमची, तेव्हा काटकीला ती जास्त बिचकते हे मान्य. पण एकटं पान तिचं फारसं काही करू शकत नाही. पान फार हलकं. देठ, काटा, वेल, बांबूची बारीक फांदी, इथून पुढे काळजी सुरू होते.

आता आजोबांकडे परत येऊ. गोळी फिरली हे खरं की थाप, हे तपासता येत होतं आणि जुने पारधी ते तपासायचेही. बार झाला त्या जागी उभं राहायचं, जनावर उभं होतं ती जागा डोळ्यांत ठेवायची आणि त्या रेषेत चालत जायचं. गोळी लागलेली काटकी लपत नाही. ताजा पांढरा घाव दिसतो, चुऱ्या उडालेल्या असतात. घाव मध्यातून आरपार असेल तर गोळी फार वळलेली नसणार. कडेला अर्धचंद्रासारखी खोबण असेल तर तीच ती. अख्ख्या रेषेत एकही ताजा घाव नसेल, तर मग चाप झटक्याने ओढला, हात कापला, अंतर चुकलं, यापैकी काहीतरी. माझा अंदाज विचाराल तर जाळीच्या निम्म्या गोष्टी या दुसऱ्या जातीच्या. गवा समोर आल्यावर काळीज उडतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण जाळीवर खापर फोडणं सोपं पडतं.

फिरलेली गोळी जनावराला लागलीच तर काय, हे गोष्टीत सहसा येत नाही. डुलत आलेली गोळी टोकाने न शिरता आडवी आदळते. जखम रुंद होते, खोल जात नाही. ती फासळीवरच अडते, नाहीतर आतड्यात जाते. जनावर पडत नाही, ते जाळीत शिरतं आणि तिथे दिवसेंदिवस राहतं. दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने जळणाला गेलेली बाई किंवा गस्तीचा वनरक्षक त्याच्यासमोर येतो. जखमी गवा आणि जखमी डुक्कर पळून जायच्या ऐवजी अंगावर येतात, हे रानाकडेच्या कोणालाही सांगावं लागत नाही.

जुन्या लोकांनी यावर उपाय काढले होते, पण ते गोळीचे नव्हते, जागेचे होते. कोल्हापूरचे शाहू महाराज चित्ते सोडून काळवीट धरत ते मोकळ्या माळावर. डुकरामागे घोडा घालून भाल्याने मारत तेही मोकळ्यातच. दाजीपूरसारख्या दाट रानात, जे पुढे १९५८ मध्ये अभयारण्य झालं, तिथे हाका घालायची रीत. हाकारे ढोल-डबे वाजवत जनावर उठवायचे आणि बंदूकवाला नाल्याच्या पात्राशी नाहीतर गाडीवाटेला बसलेला असायचा. जनावर झाडीत असताना त्याच्यावर झाडायचं नाही, त्याला मोकळ्या पट्ट्यात यायला लावायचं.

आणि दुसरा उपाय मचाण. मचाण जनावराने वास घेऊ नये म्हणून, किंवा जिवाच्या भीतीने बांधतात असं आपण समजतो. ते खरंच आहे, पण कोनाचं गणित तिथेही आहे. जमिनीवर उभा माणूस २० मीटरवरच्या डुकरावर झाडतो तेव्हा मधली दीड मीटर उंचीची झाडी जवळजवळ पूर्ण २० मीटर त्याच्या गोळीच्या वाटेत असते. तोच माणूस मचाणावर, बंदूक जमिनीपासून सहा मीटर उंच. आता गोळी वरून तिरकी उतरते आणि झाडीत शिरते ती शेवटच्या सव्वातीन-साडेतीन मीटरमध्ये. म्हणजे आडव्या येणाऱ्या काटक्या सहापटीने कमी झाल्या, आणि उरल्या त्या जनावराच्या जवळच्या, जिथे एक अंशाची चूक पाच-सहा सेंटीमीटरच्या पलीकडे जात नाही. चुकलेली गोळी चार पावलांवर मातीत जाते, ती पालांकडे जात नाही. पीक राखायला माळा उंच बांधायचा हा आपल्याकडचा रिवाज बंदुकीच्या आधीचा, गोफणीच्या काळातला आहे. गोफणीच्या दगडालाही हेच गणित लागू आहे.

बेशुद्धीचं औषध घेऊन जाणाऱ्या डार्टचं दुखणं सगळ्यांत अवघड. डार्ट म्हणजे पिसारा लावलेली सुई-सिरिंज. ती गोळीसारखी फिरून स्थिर राहत नाही, मागच्या पिसाऱ्याच्या ओढीने राहते. तिला मुद्दाम संथ ठेवावं लागतं, नाहीतर ती जनावराच्या अंगात घुसून त्यालाच मारेल. वेग रायफलच्या गोळीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. ३० मीटर जायला अर्धा सेकंद लागू शकतो, तेवढ्यात बिबट्या कुशीवर वळतो. रायफलच्या गोळीला न जाणवणारं पान डार्टला वळवतं, आणि वाटेत काटकीला टेकली तर औषध तिथेच सुटून जातं. बरोबर बसली तरी औषध चढायला काही मिनिटं लागतात, तोवर जनावर परत दाट जाळीत. म्हणून पशुवैद्य डार्ट-बंदूक धरून तासन्‌तास थांबतो आणि लोक बाहेरून ओरडतात, 'मार की आता, कशाची वाट बघायलास!'

ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावकरांनी हे जवळून पाहिलं. जाधव नगरात बिबट्या दिसला, एका कामगारावर त्याने हल्ला केला, मग तो गोल्फ कोर्सच्या रानात शिरला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पिंजरे लागले, कॅमेरे लागले, माणसांच्या रांगा झाडीतून फिरल्या. शेवटी शिवमोग्याच्या सक्रेबैलू छावणीतून हत्ती आणले. शहरात त्यावर पुष्कळ विनोद झाले, बिबट्या धरायला हत्ती म्हणून. पण वरचं मचाणाचं गणित हत्तीला लावून बघा. हत्तीवर बसलेल्या माणसाची बंदूक चारेक मीटरवर येते. २० मीटरवर दबून बसलेल्या बिबट्यापर्यंतच्या रेषेत दीड मीटर उंचीचं गवत-झुडूप फक्त शेवटच्या सहा मीटरला राहतं, पायी चालणाऱ्याला ते पूर्ण २० मीटर आडवं येतं. शिवाय जिथे माणूस शिरू शकत नाही तिथे हत्ती चालत जातो. ऐन पावसाळ्यातलं, पानांनी गच्च भरलेलं ते रान होतं आणि डार्टला सहा मीटर गचपणही फार झालं. बिबट्या काही हाती लागला नाही.